पाच घरांची भिंगरी

वस्तीवरच्या बायका तिला वहीवाली म्हणायच्या. अर्थात पाठीमागे, तोंडावर ताई. बालसंरक्षण कार्यालयातली ही बाई आठवड्यातून दोनदा स्कूटर ढकलत चढ चढून यायची. ढकलत, कारण शेवटच्या वळणावर कुत्री असायची आणि कुत्री चालत्या स्कूटरमागेच धावतात असं तिचं ठाम मत होतं. ढकलत्या स्कूटरमागेही ती धावतच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्यापाठी दर खेपेला चार कुत्री.

कुत्र्यांना भ्यायची, लाकडी पुलाला भ्यायची, फोन वाजला तरी दचकायची. मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये तर चपला बाहेर काढून जायची. तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "ज्या दिवशी तुला कशाची भीती वाटणार नाही त्या दिवशी सांग, दुकान बंद ठेवून पेढे वाटतो." अजून दुकान एकदाही बंद राहिलेलं नाही.

पण भीत भीत का होईना, ती जायची. दारू पिऊन पोराला झोडपणाऱ्या एका बापाच्या दारात उभी राहून, "दादा, पोराला जरा बाहेर पाठवा," असं तिने म्हटलं होतं आणि दादाने पाठवलंही होतं. नंतर तिला तिथेच पायरीवर उलटी झाली. वस्ती ही गोष्ट अजून सांगते, आणि उलटीचाच भाग जास्त रंगवते.

भिंगरीच्या बाबतीत मात्र तिच्या हातून चूक झाली, आणि ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

भिंगरी सहा वर्षांची. आई गेलेली, बाप दूरच्या खाणीवर, दोन-तीन महिन्यांनी उगवणारा. पोर मावशी, आत्या, काकू, मामी आणि चुलत आजी अशा पाच घरांत वाढत होती. जिथे भूक लागली तिथे जेवायची, जिथे डोळे मिटले तिथे झोपायची. म्हणून तर नाव भिंगरी. जंगलाच्या कडेच्या त्या आदिवासी वस्तीत निम्मी पोरं अशीच वाढत. वहीवाली स्वतः तशाच एका वस्तीत, तशाच चार-पाच चुलींवर वाढली होती. म्हणून फॉर्मवरच्या 'मूल रात्री कोठे झोपते?' या प्रश्नापुढे तिने सहज लिहून टाकलं : 'दररोज वेगळ्या घरी. नक्की सांगता येत नाही.' शहरातली एखादी बाई असती तर हे ऐकून हादरली असती, दहा प्रश्न विचारले असते, दोन पानं भरली असती. हिला त्यात हादरण्यासारखं काही दिसलंच नाही. एका ओळीत मोकळी.

ती ओळ वर गेली आणि लाल रेघ ओढून खाली आली. मुलीला निश्चित निवारा नाही. मंगळवारी अकरा वाजता गाडी जाईल, मुलीला शहरातल्या बालगृहात दाखल करावं.

 मॅडमना समजावायला वहीवाली दोनदा केबिनपर्यंत गेली, दोनदा चपला काढल्या, दोनदा परत घातल्या. शेवटी सोमवारी बाजारात तिने भिंगरीच्या मावशीला गाठलं आणि मिरच्या निवडल्यासारखं करत हळूच म्हणाली, "उद्या अकराला गाडी येतेय. पोर तुझ्या घरात दिसू देऊ नकोस." एवढं बोलून घामाघूम होऊन ती घरी गेली. मिरच्या तिथेच राहिल्या.

मंगळवारी गाडी वस्तीच्या अंगणात थांबली. पुढे मोठ्या मॅडम, मागे फाईल छातीशी धरून वहीवाली.

"कुठे आहे मुलगी?" मॅडमनी विचारलं.

"आत्याकडे गेलीय," मावशी म्हणाली आणि मॅडमची पाठ वळताच वहीवालीकडे बघून एक डोळा मिटला. वहीवालीला जरा श्वास आला.

आत्या भांडी घासत होती. "इथे कुठे? काकूकडे धाडली सकाळीच."

काकू म्हणाली, "मामीकडे."

मामी म्हणाली, "आजीकडे. का हो, सगळ्यांना आजच तिची आठवण कशी झाली?"

"हा काय खेळ मांडलाय?" मॅडम वहीवालीवर उखडल्या. वहीवालीने फाईल आणखी घट्ट धरली.

आजी दारातच बसली होती. ऐकायला कमी, बोलायला दुप्पट. "आली होती की! म्हटलं, बाई, इथे थांबू नको, माझ्या घराला कडीसुद्धा नाही. जा मावशीकडे परत. मावशीचं घर पक्कं. चूल पेटवायच्या आधीची गोष्ट."

मागून आलेली मावशी तिथेच थबकली. तिचा मघाचा चोरटेपणा चेहऱ्यावरून उतरला.

"माझ्याकडे नाही आली," ती म्हणाली.

"नीट आठव," आजी म्हणाली.

"आजी, माझी पोर माझ्याकडे आली नाही!"

पाच बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रत्येकीने तिला लपवण्यासाठी पुढच्या घरी पाठवलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ती पुढच्या घरी आहे. आजीची चूल पेटून दोन तास झाले होते.

मग एकच धावाधाव. काकू विहिरीकडे पळाली आणि काठावर जाऊन खाली बघायची हिंमत होईना म्हणून तिथेच उभी राहिली. मामी ओढ्याकडे, आत्या बुजवायच्या राहिलेल्या मुरुमाच्या खड्ड्याकडे. "भिंगरे! ए भिंगरे!" अशा हाका चहूकडून येऊ लागल्या.

मोठ्या मॅडम मात्र गाडीकडे निघाल्या. "नाटकं पुरेत. लपवून ठेवायचं आणि वर रडायचं. मी पोलीस चौकीत जाते, मग बघू किती वेळ लपवतात." त्यांनी गाडीचं दार उघडलं.

विहीर, ओढा, खड्डा बायका बघत होत्या; राहिला मोठा रस्ता, आणि वस्तीवर गाडी एकच. मोठ्या रस्त्यापर्यंत पटकन पोचेल अशी दुसरी वस्तू म्हणजे वहीवालीची स्कूटर, आणि ती आज घरी होती.  आता वहीवाली गप्प बसली तर नोकरी राहते. गाडी गेली तर कदाचित पोर जाते.

"मॅडम, हे नाटक नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मॅडमनी "काय?" असं विचारलं. म्हणजे तेच पुन्हा, मोठ्याने सांगणं आलं. "यांना गाडीची खबर मी दिली. काल बाजारात. मी सांगितलं म्हणून यांनी पोरीला हाकललं. ती खरंच कुठे नाहीये. मला काय करायचं ते नंतर करा, पण आत्ता गाडी द्या."

 मॅडम दारापासून बाजूला झाल्या. "जा. मी इथे बायकांबरोबर शोधते."

ड्रायव्हरने गाडी अशी सोडली की लाकडी पूल केव्हा मागे पडला हे वहीवालीला कळलंही नाही. मोठा रस्ता लागला. एक वळण, दुसरं वळण. प्रत्येक झुडपाआड तिला भिंगरीचा नेहमीचा लाल झगा दिसत होता आणि जवळ गेल्यावर तिथे कधी प्लास्टिकची पिशवी, कधी नुसतं ऊन.

दोन मैलांवर चहाची टपरी होती. तिथे लाकडाने भरलेला एक ट्रक उभा होता, आणि त्याच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, पाय हलवत बसली होती भिंगरी. हातात बिस्किटाचा पुडा.

ट्रकवाला चहा संपवत होता. "तुमची का? खाणीवर बापाकडे जायचं म्हणत होती. म्हटलं, चल, सोडतो." हसला. पेला ठेवला. खाण कोणत्या दिशेला हे त्याला माहीत होतं का, असं ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, तेव्हा त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "विचारत विचारत गेलो असतो." तो माणूस चांगला होता की नव्हता हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. वहीवालीला तो अजून स्वप्नात हसताना दिसतो, आणि स्वप्नातही कळत नाही.

तिने पोरीला खाली उतरवलं. ओरडावं की जवळ घ्यावं हे न सुचून तिने तिच्या झग्याची बटणंच तपासली.

"एवढ्या लांब कशाला आलीस गं?"

"सगळ्यांनी सांगितलं, इथे नको," भिंगरी म्हणाली. "घरं संपली ना, ताई."

गाडी परत वस्तीवर आली. अंगणात पाचही बायका धावत आल्या, पण पोरीला हात लावायला कुणी पुढे होईना. मोठ्या मॅडम मध्ये उभ्या होत्या. त्यांनी भिंगरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग वहीवालीला.

"घर नक्की नाही हा तुझा अहवाल खरा, की ही पाच घरं खरी?"

"दोन्ही, मॅडम," वहीवाली म्हणाली.  "पाच घरं तिला पोसतात, हे मी लिहायला हवं होतं. आणि पाच घरं असली की पोर सहाव्या ठिकाणी हरवू शकते, हेही. आज ती हरवली ती माझ्यामुळे. पण उद्या माझ्याशिवायही हरवू शकते."

मावशी चिडून म्हणाली, "ताई, तू आमच्या बाजूची की त्यांच्या?"

 मॅडमनी कागद काढला. एक महिना पोर इथेच राहील. रोज संध्याकाळी ती कुणाकडे आहे हे मावशीने सांगायचं आणि वहीवालीने लिहायचं. मधे कधीही, न कळवता, गाडी येईल. एक दिवस जरी उत्तर मिळालं नाही तर बालगृह. "आणि तुझं काय करायचं," त्या वहीवालीला म्हणाल्या, "ते ऑफिसात बोलू." मावशीने अंगठा उठवला. वहीवालीने खाली सही केली. ती सही बँकेने नाकारावी इतकी वेडीवाकडी आली.

गाडी गेली. पाचही घरांची दारं उघडी होती.

"ये गं भिंगरे, भात खाऊन घे," आत्याने हाक मारली. "माझ्याकडे ये, बाळा," काकू. "अगं, मी आहे ना!" मामी. आजी नुसतीच हात हलवत होती.

भिंगरी अंगणाच्या मधोमध उभी होती. हातातला पुडा तिने पोटाशी धरला होता. कालपर्यंत ही पोर हाक पूर्ण व्हायच्या आत उंबरा ओलांडून जायची. आता तिने पाचही दारांकडे एकेक करून पाहिलं आणि खाली मातीत बसली.

हाका थांबल्या. एवढी भीती वहीवालीला त्या ट्रकजवळही वाटली नव्हती. पुढे व्हावं, उचलून घ्यावं, असं तिला वाटलं. पण आपण उचललं तर तेही गाडीत घालून नेल्यासारखंच होईल, हेही तिला कळत होतं. ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने मावशी आपल्या दारातून निघाली. हाक न मारता, हात पुढे न करता आली आणि पोरीपासून हातभर अंतरावर मातीत बसली. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं नाही. पण दूरही सरकली नाही.