नानाचा पाठमोरा विद्यार्थी

साल दोन हजार पंचवीस. मला एकाहत्तर पुरी झाली होती. कापसाची पहिली वेचणी चालू होती, तेव्हा संध्याकाळी धुळ्याहून नानाच्या लेकीचा फोन आला. "आबा, बाबा गेले. सकाळी नऊला नेणार आहोत." एवढंच बोलली... नाना म्हणजे धरणगावात आमच्या गल्लीतला इंग्रजीचा निवृत्त मास्तर, माझ्याच वयाचा; चार दिवसांसाठी लेकीकडे गेला होता. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढे मी बैलांमागे गेलो, तो पुस्तकांमागे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दोघांनी आपापलं काम चोख केलं.

पण दुसऱ्याच दिवशी दहा वाजता, त्याच धुळ्यात, माझ्या सुनेचा, मनीषाचा, एका शाळेत नमुना पाठ होता. तिने पोरांना क्वेश्चन टॅग शिकवायचे, साहेब लोकांनी मागे बसून पाहायचं, पसंत पडली तर नोकरी. हा पाठ नानानेच आमच्या ओट्यावर तिच्याकडून बसवून घेतला होता. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. काही सांगायचं झालं तर माझ्या बायकोकरवी, आणि ती गेल्यावर नानाकरवी. नाना म्हणाला, "हिले वर्ग पाहिजे. काहीच न येणारा विद्यार्थी तुझ्यापेक्षा चांगला कुठून आणू?" मी नाही म्हटलं. तो रोज येत राहिला. शेवटी तोडगाही त्यानेच काढला. मी रस्त्याकडे तोंड करून बसायचं, तिच्याकडे पाठ. ती भिंतीवरच्या फळ्यावर लिही, माझ्या पाठीला शिकवी आणि मी रस्त्याला उत्तर देई. "यू आर अ फार्मर, आरन्ट यू?" वाक्य होकाराचं असलं की शेपूट नकाराचं, वाक्य नकाराचं असलं की शेपूट होकाराचं. येणारे-जाणारे हसत. मी उठलो नाही, बसलो म्हणजे बसलो. अजूनही संध्याकाळी तसाच बसतो. एकदा मात्र चिडून म्हटलं, "आधी आहे म्हणायचं आणि वर नाही का म्हणून विचारायचं, हे कसलं बोलणं? माणसाने सरळ विचारावं." नाना चष्मा पुसत म्हणाला, "तू इचारस कधी? तू ते हुकूम सोडस. हाई समोरच्याले संगे लेवानं बोलनं शे." समोरच्याला सोबत घ्यायचं बोलणं, एवढं मला कळलं.

फोन आल्यावर गल्ली ओट्यावर जमली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "मयतीना दिवशी सून नोकरी मांगाले जाई? लोके काय म्हनतीन?" मलाही ते पटलं. नाना घरचाच माणूस. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "उद्या मनीषा शाळेत जाणार नाही." माणसं उठून गेली. मागे दारात बांगड्या वाजल्या. सवयीने मी निरोप आणणाऱ्याची वाट पाहिली... तो तर धुळ्याला पांढऱ्या कापडाखाली होता. मग ती स्वतःच बाहेर आली आणि समोर उभी राहिली. पदर डोक्यावर.

"आबा, नाना असते तर त्यांनी मला पाठवलं असतं."

मला राग आला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा समोर येऊन बोलली, ती माझा शब्द मोडायला. गल्लीसमोर टाकलेला शब्द मी आजवर परत घेतलेला नाही. म्हटलं, "आणि लोकांना तोंड कोण देईल?"

ती जागची हलली नाही. म्हणाली, "तुम्ही द्याल, ना?"

मी उठून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीत मी तिला खिडकीजवळ बसवलं. धुळ्याला उतरल्यावर तिला शाळेकडे जाणारी रिक्षा करून दिली आणि मी नानाच्या लेकीच्या घरी गेलो. गल्लीतली माणसं गाडी करून आधीच पोचली होती. चुलतभावाने माझ्या मागे पाहिलं. "सून कोठे शे?"

"शाळामा पोरेसले शिकाडाले गयी," मी म्हणालो, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि नानाला खांदा द्यायला पुढे झालो.