मावळ्याचं वजन

गॅलरीतल्या किल्ल्यावर मावळे तेरा, तोफा दोन, वाघ एक आणि सिंहासनावर महाराज. चौदावा मावळा शर्वाणीच्या उशाशी आहे. सकाळी तिने त्याला गादीवर दहा वेळा पाडलं, माणूस बुरुजावरून कसा पडेल ते बघायला. अकराव्यांदा तो फरशीवर गेला आणि त्याच्या भाल्याचं टोक उडालं. मग तिने त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. बासष्ट ग्रॅम.

शर्वाणी पदार्थविज्ञान शिकली आणि लहान मुलांच्या कार्टूनसाठी गोष्टी लिहायला लागली. तिच्या कार्टूनमधली खार दर आठवड्याला काहीतरी मोजते. दिवाळीच्या खास भागात खार मातीच्या किल्ल्यावरची लढाई बघते आणि एक मावळा पडतो. पुढे काय, ते आज पाचपर्यंत ठरवायचं आहे. वाहिनीच्या पाटणकरबाईंना तो हसत उठून फुलबाजी पेटवताना हवा आहे. शर्वाणी म्हणते, उठणार नाही. मग मुलांना दाखवायचं काय?

पहाटेचं अभ्यंगस्नान, वर चकल्या. दुपारी तिचे डोळे मिटायला लागतात. किल्ल्यावर पेरलेले आळीव बोटभर वाढलेत. ती बघता बघता ते कमरेएवढे होतात, मग डोक्यावरून जातात. ती त्या हिरव्या देठांमधून चालते आहे. पायाखालची माती ओली, गार. किल्ल्याच्या पायऱ्या चढून वर येते तर दवाखान्यातला लांबच लांब वॉर्ड. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. खाटांवर मातीची माणसं, रंग उडालेली, आणि सगळ्यांचा श्वास चालू आहे. एवढ्या मातीचा एकत्र श्वास. शर्वाणीचे हात आपोआप जोडले जातात.

"काय शास्त्रीणबाई, ही झोपायची वेळ आहे का?"

कुमुदआत्या. बाबांची थोरली बहीण, एकाहत्तरच्या लढाईत लष्करी दवाखान्यात नर्स होती. गेल्या फाल्गुनात गेली. अंगावर पांढरा गणवेश आहे आणि केसांना उटण्याचा वास.

"आत्या, तू तर..."

"हो, गेले मी. म्हणून काय ड्यूटी चुकवायची? चल, उभी राहू नकोस खांबासारखी."

त्या चालतात आणि वॉर्ड संपत नाही. वरचं छत नाहीसं होतं. तिथे आकाश आहे, आणि प्रत्येक खाटेच्या वर एक आकाशकंदील स्थिर लटकलेला. दोरी कुठेच नाही. किती आहेत ते शर्वाणी मोजायला लागते आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजणं सोडून देते.

शेवटच्या खाटेवर तोच मावळा. भाल्याचं टोक उडालेलं.

"याला मी पाडला," शर्वाणी म्हणते.

"दिसतंय. अकरा वेळा."

"हा उठेल का गं?"

"नाही."

"मग मुलांना काय सांगू? तुला विचारायचे ना सगळे, लढाईत काय बघितलंस म्हणून. तू कधी बोलली नाहीस."

"बोलले नाही कारण लोकांना तोफा ऐकायच्या असायच्या." आत्या खाटेच्या कडेला बसते. "माझ्याकडे तोफा नव्हत्या. माझ्याकडे रात्रभर एकच काम. कुणाचाही असो, आपला किंवा त्यांचा, हात धरायचा आणि तो जे मागेल ते द्यायचं. आणि मागायचे काय माहितीये? सगळे एकच मागायचे."

मावळ्याचे मातीचे ओठ हलतात.

आत्या खिशातून औषधाचा चमचा काढते, चेपलेला, आणि शर्वाणीच्या हातात देते. "पाच मिली. सांडू नकोस."

शर्वाणी पाणी भरते. मावळ्याच्या ओठांना लावते. माती पाणी पिते, सावकाश, एक थेंबही बाहेर न येता. कंदील एकदम उजळतात, सगळेच्या सगळे.

"आता?"

"आता काही नाही. बसून राहायचं. तेच अवघड असतं, बाळा."

फोन वाजतोय. शर्वाणी उठून बसते. मावळा उशाशी नाही, तिच्या मुठीत आहे. फोनवर हृषीकेश, कार्टूनची चित्रं हलवणारा.

"पाच वाजले. उठवायचा का त्याला?"

"नाही. खार त्याला पाणी पाजते. तो उठत नाही. ती त्याच्याजवळ बसून राहते."

"दिवाळीच्या भागात?"

"शेवटी एक पणती लावते. तिथेच, त्याच्या शेजारी."

"फुलबाजी?"

"नाही."

"पाटणकरबाई माझंच डोकं खातील."

"माझं नाव सांग. मी बोलते त्यांच्याशी."

"बरं. मग चमचा कसला काढू?"

"औषधाचा. थोडा चेपलेला."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जाते. काटा शून्यावर आणते, मावळा ठेवते. उचलते, पुन्हा शून्य, पुन्हा ठेवते. आणि तिसऱ्यांदा.

सदुसष्ट ग्रॅम.