गंगूबाईंनी निवडलेली वेज

गंगूबाई वारल्याचा निरोप पिरंगुटहून आला, तेव्हा मनात पहिलं हेच आलं की बरं झालं, गेल्या महिन्यात आपण जाऊन आलो.

मुळशीच्या तलावाकाठी एका निवृत्त साहेबांनी बंगल्यामागे गोल्फचं छोटं मैदान केलं होतं. माझे यजमान त्यांचे व्यवस्थापक, गंगूबाई तिथलं गवत राखायच्या. साहेबांच्या पत्नीला जोडीदार हवी म्हणून मी तिशीत खेळायला लागले. वेज, म्हणजे जवळून चेंडू उचलून टाकायची तिरप्या पात्याची काठी, मला काही जमेना. दोन होत्या, त्यांतली दिसायला भक्कम म्हणून मी जाड तळाची घेतली होती. मुरमावर ती उसळायची आणि चेंडू थेट तलावात. एकदा गंगूबाईंनी दोन्ही वेजच्या तळांवरून अंगठा फिरवला, खुरपं पारखावं तसा.

"जाड ती वाळूत न् चिखलात. हितं मुरूम हाय, पातळ घ्या. आन् मनगटं कशाला मोडताय? खांद्यातनं हाना."

चेंडू उचलला गेला. त्या आनंदात मी रोज सकाळी एकटीच सराव करू लागले, तोही चेंडू ज्यात घालवायचा त्या खड्ड्याजवळच्या मऊ हिरवळीवर. पातळ पात्यानं तिथली सालंच्या सालं निघाली. साहेबांना वाटलं, गंगूबाईंनी बेफिकिरीनं खुरपं चालवलं. त्यांनी गंगूबाईंना कामावरून काढलं. यजमानांची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले... दहा वर्षं.

गेल्या महिन्यात गंगूबाईंच्या मळ्यात जाऊन सगळं सांगितलं.

"तवा काय मिठाची गुळणी धरली हुती? दोन वर्सं लोकाच्या बांधाला गेले मी."

"चुकलं माझं."

"चुकलंच. बसा खाली. ह्यो मिरचीचा वाफा खुरपून द्या, मग च्या."

मी खुरपला. चहा पिताना त्यांनी विचारलं, "आता उचलतो का चेंडू?"

"खेळ केव्हाच सोडला."

"मंग माझी नोकरी फुकटच घालवली म्हना," म्हणत त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. परतताना एसटीत मला गाढ झोप लागली.

दहाव्याला गेले तर सून म्हणाली, "आत्याबाई सांगत हुत्या, बाईंनी वाफा खुरपला, पन मुळं तशीच ठिवली."

जाऊन पाहिलं. गवत पुन्हा वर आलं होतं. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि वाफ्यात बसले.