सर्व्हरचा हार

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात यंत्रांची पूजा होते. इतकी वर्षं झेंडूचा सगळ्यात मोठा हार सर्व्हरच्या कपाटाला असायचा आणि पूजेचा मान माझा, कारण ते सर्व्हर मी सांभाळायचो. यंदा सगळं क्लाउडवर गेलंय. सर्व्हर भंगारात निघाले. त्या खोलीत आता पाण्याचे जार ठेवतात.

क्लाउड म्हणजे काही आभाळ नव्हे. दूर कुठल्या तरी खोलीत तशीच यंत्रं घरघरत असणार, आणि नुसत्या पंख्याच्या आवाजावरून त्यांचं दुखणं ओळखणारा माणूस तिथेही लागत असणार. म्हणजे माझी विद्या जुनी झालेली नाही. तिने फक्त घर बदललं, आणि जाताना मला सोबत नेलं नाही.

शिपाई कदममामा हार घेऊन घुटमळत होते. "साहेब, हा उरलाय. कुठे घालू?"

"घाला कुठेही," मी तुटकपणे म्हणालो.

भिंतीवर जुन्या सर्व्हरचा फोटो आहे. मामांनी स्टूल ओढलं आणि भक्तिभावाने त्या फोटोला हार घातला. फोटोत सर्व्हरशेजारी मी उभा आहे, हसत.

मॅनेजर आले, त्यांनी तिथेही उदबत्ती ओवाळली आणि प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवला.