मामांनी केलेला हात

आमचे मामा कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि मागच्या खोलीत बसून मामा साचे ओतायचे, घासायचे, एकेक दात बसवायचे. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं मामांच्याच दातांनी जेवत होती.

कामातून उठले की ते घड्याळांकडे वळायचे. जुनी जर्मन घड्याळं, तीही फक्त पुतळ्यांची. खाली तबकडी आणि वर बसलेली, उभी, वाकलेली एखादी बाई. मामी म्हणायची, "सतरा बायका आणून ठेवल्यात घरात, पण एक मेली कपबशीला हात लावेल तर शपथ."

अठरावी जुन्या सामानाच्या दुकानातून आली. मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली, उजवा हात मनगटापासून तुटलेला. मामांनी त्या हातासाठी तीन आठवडे घातले. कवळीच्याच मसाल्यातून पाच बोटं घडवली, नखांसकट, आणि वरून असा रंग चढवला की जोड दिसेना. स्वतःचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण आल्यागेल्याला ते विचारायचे, "यातला नवा हात कुठला, सांगा पाहू."

एके दुपारी एक शिक्षिका दुकानदाराकडून पत्ता घेऊन आल्या. घर बदलताना त्यांनीच ते घड्याळ काढून टाकलं होतं. त्यांची आई आता फारसं कुणाला ओळखत नव्हती, पण रोज विचारायची, "आपली बाई कुठे गेली?"

"विकत द्याल का?" शिक्षिकांनी अडखळत विचारलं.

"विकत कशाला? चला, आजच पोचवू," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

गाडी मी चालवली. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मामांनी घड्याळ समोर ठेवून चावी दिली. आजींनी बराच वेळ पाहिलं, पुतळीच्या बोटांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"ही आमची नाही."

"आई, तीच आहे गं."

"आमच्या बाईला हात नाही. माझ्याकडून पडली होती ती. बाबा काही बोलले नाहीत." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

शिक्षिकांना रडू आवरेना. मामांनी हळूच विचारलं, "घरात करवतीचं पातं आहे?"

स्वयंपाकघरात मी पुतळी धरली आणि मामांनी हात कापला. मी कड घासायला घेतली तर म्हणाले, "नको. खडबडीतच होती ती."

घड्याळ पुन्हा समोर आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "आलीस होय." मग मामांकडे पाहून, "तुम्ही आणलीत? बसा की."

त्यानंतर दर रविवारी मामा चावी द्यायला जायचे. आजी त्यांना कधी डॉक्टर समजायच्या, कधी भाऊ. मामा दोन्हीला ओ द्यायचे.

दीड वर्षाने आजी गेल्या. शिक्षिका घड्याळ परत घेऊन आल्या. मामांनी ते घेतलं नाही. त्यांना समोर बसवून चावी द्यायला शिकवलं. "जड लागली की थांबायचं, जोर करायचा नाही." दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

पुढच्या रविवारी मामांनी सवयीने चपला घातल्या. मामीने विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठे नाही," ते म्हणाले आणि तसेच दाराशी बसून राहिले.