आमचंच परस

अकोल्यातलं आमचं घर सरकीच्या एका व्यापाऱ्याकडे गहाण होतं. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. सेठजींचं व्याज मात्र जुन्याच चालीनं चढत होतं. मुदत दिवाळीला संपणार. तोवर फेडलं नाही, तर घर त्यांचं.

अमरावतीच्या एका पतपेढीत आम्हा मास्तरांना बरंच कमी व्याज पडे. तिथून कर्ज उचलायचं, सेठजींचं देणं फेडायचं आणि घर पतपेढीकडे गहाण ठेवायचं, असा माझा बेत. तो पतपेढीच्या ओव्हरसियरनं मोडला. पेढी घराच्या किमतीच्या निम्मीच रक्कम देई, आणि त्यानं काढलेल्या किमतीचं निम्मं सेठजींना पुरत नव्हतं. नामंजूर अर्ज घेऊन मी बडनेऱ्याला गाडी बदलून, तोंड पाडून घरी आलो.

बायको अर्ज वाचता वाचता चतुःसीमेपाशी थांबली. "पश्चिमेस अर्जदाराचेच परस. मंग परस कोनं मोजलं?"

कोणीच नाही. चतुःसीमेत घरापलीकडे काय आहे ते लिहितात, आणि पलीकडचं ते गहाणाबाहेरचं. सेठजींचं गहाणखत लिहिताना अर्जनवीसाचे दोन रुपये वाचवायला मी स्वतःच बसलो होतो, वळणदार अक्षराच्या गुर्मीत. आमचंच परस मी पलीकडे ढकललं, आणि पतपेढीच्या अर्जातही तेच इमानानं उतरवलं.

"अन् पोरायले भूगोल शिकवता तुमी," ती म्हणाली.

दुसऱ्या अर्जात परस घातलं. त्याचं तोंड मागच्या मोठ्या रस्त्याकडे. ओव्हरसियरनं येऊन फीत धरली, आणि पुढच्या खेपेला पेढीत तो पहिल्यांदाच मला बसा म्हणाला. कर्ज मंजूर झालं. नवं खत अर्जनवीसानं लिहिलं. घरून तशी ताकीदच होती.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी सेठजींच्या गादीवर रक्कम ठेवली आणि परसाची हकीकत सांगितली. त्यांनी आपलं खत काढून दोनदा वाचलं.

"म्हंजे परस माह्याकडं गहाण नव्हतंच?"

"नव्हतं, सेठजी."

"अन् मी तीन वर्सं तुमच्या परसातल्या झाडाचे लिंबू हक्कानं नेऊन राहिलो."

त्यांनी परत केलेलं खत मी घडी करून खिशात घातलं. म्हटलं, लिंबं न्या खुशाल. आता मात्र विचारून न्या.