हेडिंगमध्ये सावदा

"हेडिंगमध्ये गाव नाही," संपादक म्हणाले. "गाव नसेल तर खानदेशातला माणूस लिंक उघडत नाही."

मी जळगावच्या एका न्यूज पोर्टलवर कॉपी एडिटर होतो. दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासायचं आणि वर हेडिंग द्यायचं. हेडिंगमध्ये अर्धंच सांगायचं, म्हणजे उरलेल्या अर्ध्यासाठी वाचक लिंक उघडतो. याला क्लिकबेट म्हणतात.

रविवारी आम्ही जुन्या गोष्टी नव्या हेडिंगखाली द्यायचो. कल्पना माझीच. तहानलेल्या कावळ्याला मी गावात आणलं: 'जळगावच्या उन्हात कावळ्याला दिसलं मडकं, पुढे त्याने जे केलं, ते पाहून इंजिनिअरही चक्रावले'. सशाला धुळ्यात पळवलं: 'धुळ्यात शर्यतीच्या मध्येच झोपला चॅम्पियन'. अशी हेडिंगं मी खुर्चीवर उभा राहून वाचायचो. ऑफिस टाळ्या वाजवायचं आणि मी कमरेत वाकून त्या घ्यायचो.

त्या रविवारी अमळनेरच्या नानांची कथा होती. नाना निवृत्त शिक्षक. आयुष्यात त्यांची एकच कथा गाजली, पण ती चाळीस वर्षं लोकांच्या लक्षात राहिली. नवरा केळीच्या ट्रकबरोबर उत्तरेकडे जातो, परत येत नाही. बायको रोज संध्याकाळी दोन ताटं वाढते. एकात स्वतः जेवते, दुसरं सकाळी गायीला घालते. गाव सगळं बघतं, विचारत काही नाही. कथेत गावाचं नाव नाही.

परवानगी देताना नाना फोनवर एवढंच म्हणाले होते, "भाऊ, एक शब्द बदलू नको."

शब्द मी बदललाच नाही. हेडिंग मात्र माझं होतं. केळी म्हटलं की सावदा, एवढाच विचार केला आणि ठोकलं: 'नवरा बेपत्ता, तरी रोज दोन ताटं! सावद्याच्या या बाईकडे जेवायला येतं तरी कोण?'

'कथा' हा शब्द खाली बारीक अक्षरांत होता. व्हॉट्सॲपवर लोकांनी नुसतं हेडिंग पुढे ढकललं. दुपारपर्यंत ती लिंक साइटवर सगळ्यात वर होती. संपादकांनी कचोऱ्या मागवल्या.

मंगळवारी नाना एसटीने आले. समोर बसले, पाणी घेतलं नाही.

"सावदा कुठून आणलं?"

"अंदाजाने, नाना. केळीचा ट्रक होता, म्हणून."

"कथेतली ती बाई माझी धाकटी बहीण. सावद्यालाच राहते."

मी हसलो. मला वाटलं, नाना नाटक करताहेत. आमच्या ऑफिसात ते खातं माझ्याकडे होतं.

"बठ्ठा गावले माहीत व्हतं, पन कोनी बोले नही," नाना म्हणाले. शिक्षकाची मराठी सुटून घरची अहिराणी आली होती. मग सावरून बोलले, "मी गाव लपवलं, गावानं तिला लपवलं. काल शेजारणीने मोबाइल पुढे धरून विचारलं, अक्का, कोण येतं हो जेवायला?"

"अक्का काय म्हणाल्या?"

"संध्याकाळी तिने एकच ताट वाढलं."

मी तिथल्या तिथे हेडिंग काढलं, नानांनी कथेला दिलेलं मूळ नाव टाकलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

संपादक केबिनमधून ऐकत होते. नाना जिना उतरत असतानाच बाहेर आले. "फॉलोअप घेऊ. 'अखेर दुसरं ताट बंद. कारण वाचून डोळे पाणावतील'."

मी राजीनामा दिला, असं इथे लिहायला फार आवडलं असतं. मी एवढंच म्हणालो, "गाव तरी नको."

"गाव तर तूच दिलंस ना रे."

फॉलोअप दुसऱ्याने लिहिला. हेडिंग माझ्याकडे तपासायला आलं. एक काना राहिला होता. तो मी दिला.

हल्ली मी नवीन लोकांना हेडिंग लिहायला शिकवतो. सांगतो, गाव टाकण्याआधी त्या गावात एक फोन करा. सगळे वहीत लिहून घेतात. मग विचारतात, "सर, पण गाव टाकायचंच ना?"